शिबिराच्या यादीत मुली का नाहीत?




गेल्या रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर दोन पालक बोलत होते. आमच्या भागातल्या एका शाळेचं स्काऊटचं दोन रात्रींचं शिबिर ठरलं आहे. यादी लागली. त्यात मुलांची नावं २२ आणि मुलीचं एकही नाही. गाईडच्या गणवेशातल्या मुली त्या शाळेत नाहीत असं नाही. १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला त्याच पुढे चालतात, पाहुण्यांना फुलं देतात. पण तंबूत झोपायची वेळ आली की "मुलींचं पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर येतं. हे पुढचं वर्ष मी माझ्या सबंध नोकरीत ऐकत आले. म्हणून हे पत्र लिहिते.

आमचं मुडबी म्हणजे बसवकल्याण तालुक्याचं टोक. जरा पुढे गेलं की कलबुर्गी जिल्हा लागतो. मी इथल्या भागात पॅरिशच्या शाळेत शिकवलं आणि शाळेच्या गाईड कॅप्टनचं कामही केलं. त्यामुळे ऐकीव नाही, पाहिलेलं सांगते.

स्काऊटची चळवळ मुळात मुलांसाठी निघाली हे खरं आहे. १९०७ मध्ये बेडन-पॉवेल यांनी इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर भरवलं ते मुलांचंच. पण १९०९ मध्ये लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटांचा मेळावा झाला, तेव्हा काही मुली कोणी न बोलावता गणवेश करून हजर झाल्या. पुढच्याच वर्षी गर्ल गाईडची सुरुवात झाली. म्हणजे मुलींना कोणी आणलं नाही, त्या आपल्या पायांनी आल्या. आपल्या देशात ७ नोव्हेंबर १९५० ला भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली आणि १९५१ मध्ये गर्ल गाईडही तिच्यात आल्या. नावातच दोघं आहेत. पुण्यातलं 'संगम' हे गाईडचं जागतिक केंद्र १९६६ पासून उभं आहे. ब्रिटनने १९९१ मध्ये स्काऊटच्या सगळ्या वयोगटांत मुलींना घ्यायची मोकळीक दिली, अमेरिकेत २०१९ पासून मुलींची स्काऊट पथकं आहेत. आपल्याच राज्यात मूडबिद्रीला डिसेंबर २०२२ मध्ये मोठी आंतरराष्ट्रीय जांबोरी झाली, तिथेही मुलं-मुली दोन्ही होती. नाव ऐकून गावातल्या एका आजोबांनी मला विचारलं, "टीचर, एवढी पोरं आपल्या मुडबीला उतरली कुठं?" हसू आलं. पण मनात आलं, ती मुडबीला न का येईनात, मुडबीच्या मुली तरी तिथवर जायला नकोत का?

आता माझं एक शिबिर सांगते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. जानेवारी महिना, तूर निघालेली, रान मोकळं. मुलांचं पथक आणि मुलींचं पथक, दोन्ही नेली. तंबू दोन टोकांना, मध्ये शिक्षकांचे. ध्वज, जेवण आणि शेकोटी मात्र एकत्र. पहिल्या संध्याकाळी वारा सुटला. काळ्या मातीला भेगा पडलेल्या, तिथे खुंट्या धरेनात. मुलांचे दोन तंबू आडवे झाले. मुलींच्या एका संघनायिकेने खुंटीचा नाद सोडला आणि दोराला मोठा दगड बांधून तो मातीत पुरला. घरी मांडव असाच घालतात म्हणाली. थोड्या वेळाने मुलं गपचूप येऊन तेच बघून गेली.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकाची पाळी मुलांची होती. भाकऱ्या काय झाल्या ते विचारू नका. धुराने डोळे लाल झालेला आठवीतला एक मुलगा मला म्हणाला, "टीचर, आमची आई हे रोज दोनदा करते?" या एका प्रश्नासाठी मी वर्गात किती धडे शिकवले असतील, पण तो पडला चुलीपुढे. मराठी, कन्नड, दखनी बोलणारी मुलं एका ताटाभोवती बसली. वर्गात तोंड न उघडणाऱ्या एका मुलीने रात्री शेकोटीपुढे सगळ्यांना नाटक बसवून दाखवलं. मुलांना मुलींचा हुकूम ऐकावा लागला आणि मुलींना तो द्यावा लागला. या वयात दोघांनाही याची सवय नसते. ती पुस्तकातून लागत नाही.

पालकांची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. चूक माझ्याकडूनही झाली आहे. त्याच शिबिरात मुलींची संडासाची जागा फार लांब होती. एका मुलीने तिकडे जावं लागू नये म्हणून दिवसभर पाणीच प्यायलं नाही आणि दुपारी कवायतीत चक्कर येऊन पडली. मी तंबू मोजले, भांडी मोजली, पण हे पाहिलं नव्हतं. तेव्हापासून जागा ठरवताना मी आधी संडास-न्हाणी बघायची, मग बाकीचं. मुलींबरोबर प्रशिक्षण घेतलेल्या दोन बाया तरी हव्यात. तंबू वेगळे हवेत, रात्रीचा पहारा मोठ्यांचा हवा, आणि कोणीही शिक्षक एकट्या मुलाला किंवा मुलीला बाजूला नेणार नाही हा नियम हवा. पालकांना एक संध्याकाळ शिबिर बघायला बोलवावं. एवढं केलं की भीती निम्मी होते. मुलींची नावं यादीतून काढली तर भीती तशीच राहते, फक्त मुली घरी राहतात.

शाळा म्हणते, गाईड कॅप्टन नाही. मग एका शिक्षिकेला प्रशिक्षणाला पाठवा. तोवर सिस्टर आहेत, शिकलेल्या आया आहेत, माझ्यासारख्या निवृत्त बाया आहेत. हेही जमत नसेल तर दोन रात्रींऐवजी आधी एक दिवसाचं शिबिर करा, पण दोघांचं करा.

एक गोष्ट सांगायला नको वाटते, तरी सांगते. त्या शिबिराला एका मुलीच्या वडिलांनी नाही म्हटलं. मी त्यांच्या घरी एकदा गेले, चहा घेतला, परत आले. निघायच्या सकाळी ती मुलगी स्कार्फ बांधून टेम्पोजवळ उभी होती. जायला नाही, नुसती बघायला. पुढच्या जूनमध्ये ती शाळेत आलीच नाही. लग्न झालं होतं, नववीचं वय. शिबिराला आली असती तर ते लग्न थांबलं असतं असा माझा दावा नाही. पण दोन रात्री बाहेर राहून, चार माणसांत बोलून, नीट परत आलेली मुलगी वडिलांनी पाहिली असती. तिनेही स्वतःला पाहिलं असतं. मी त्या घरी दुसऱ्यांदा जायला हवं होतं.

शिबिराला अजून तीन आठवडे आहेत. शाळेने यादी पुन्हा काढावी. पॅरिश कौन्सिलने मुलींच्या घरी जावं, आणि एकदा नाही म्हटलं तर दुसऱ्यांदाही जावं. माझे गुडघे आता चढाला साथ देत नाहीत, पण मुलींच्या तंबूबाहेर खुर्ची टाकून दोन रात्री जागायला मी तयार आहे. स्काऊट-गाईडचं ब्रीदच 'तयार' आहे. मुली केव्हाच्या तयार आहेत, आपलं तेवढं बाकी आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, मुडबी