ब्युर: 80 जणांच्या गावाखाली फ्रान्सचा अणुकचरा का पुरणार?

फ्रान्सच्या ईशान्येला म्यूज जिल्ह्यात ब्युर नावाचं गाव आहे. लोकसंख्या जेमतेम 80. आजूबाजूला गव्हाची शेतं आणि जंगल. तरीही इथे पोलिसांच्या गाड्या सतत फिरताना दिसतात.

कारण जमिनीखाली आहे. फ्रान्सची सुमारे दोन तृतीयांश वीज अणुऊर्जेतून येते. त्यातला सर्वात घातक कचरा इथल्या परिसरात सुमारे 500 मीटर खोल पुरण्याची 'सिजेओ' नावाची योजना आहे. हा कचरा 83 हजार घनमीटर असेल. देशातल्या एकूण अणुकचऱ्यात त्याचा वाटा अगदी थोडा, पण जवळपास सगळा किरणोत्सर्ग त्यातच आहे आणि तो लाखभर वर्षं धोकादायक राहतो.

ब्युरच का?

सरकारी संस्था 'आंद्रा'चं उत्तर आहे, माती. इथे 16 कोटी वर्षांपूर्वीचा चिकणमातीचा जाड थर आहे. त्यातून पाणी जवळजवळ झिरपत नाही. 2000 पासून इथे भूमिगत प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे अणुकचरा आणायला कायद्यानेच बंदी आहे.

विरोधकांचं म्हणणं वेगळं आहे. त्यांच्या मते माती अनेक ठिकाणी मिळाली असती, पण इतकी विरळ वस्ती आणि इतका क्षीण आवाज मिळाला नसता. म्यूज आणि शेजारच्या ओत-मार्न या जिल्ह्यांना दर वर्षी प्रत्येकी सुमारे 3 कोटी युरो मिळतात. त्यातून रस्त्यांवर दिवे लागले, सभागृहं झाली. समर्थक याला विकास म्हणतात, विरोधक तोंड बंद ठेवण्याची किंमत. दोन्ही बाजू एकाच गल्लीत राहतात, हे विसरून चालणार नाही.

जंगलावरून पेटलेला वाद

शेजारच्या मांद्र-आं-बारोआ गावाचं लेज्युक जंगल आंद्राला हवं होतं. 2013 मध्ये गावकऱ्यांनी नकाराचा कौल दिला. 2015 मध्ये मात्र गावच्या परिषदेने पहाटे 6 वाजता बैठक घेऊन, गुप्त मतदानाने जंगल देऊन टाकलं. 2016 मध्ये आंदोलक जंगलात जाऊन राहिले. न्यायालयाने तो ठराव रद्द केला, परिषदेने तो 2017 मध्ये पुन्हा मंजूर केला. 2018 च्या फेब्रुवारीत पोलिसांनी जंगल रिकामं केलं.

पुढे काय?

जुलै 2022 मध्ये सरकारने योजना 'सार्वजनिक हिताची' ठरवली. त्यामुळे जमीन सक्तीनेही घेता येते. जानेवारी 2023 मध्ये आंद्राने बांधकाम परवानगीसाठी अर्ज केला. यातला बराचसा खर्च ईडीएफ कंपनी उचलणार. कोकणात जैतापूरला अणुभट्ट्यांचा प्रस्ताव देणारी हीच ती कंपनी.

कायद्यानुसार किमान 100 वर्षं कचरा परत काढता आला पाहिजे. त्यानंतर बोगदे कायमचे बंद होतील. तोवर भाषाही बदललेल्या असतील. म्हणून 'इथे खोदू नका' हे हजारो वर्षांनंतरच्या माणसाला कसं सांगायचं, यावरही आंद्रा आज संशोधन करते आहे.