रविवारी त्र्यंबकला सायकल मारणारे वर्षाला किती किलोमीटर जातात? आणि कशासाठी?

रविवारी पहाटे नाशिकचा त्र्यंबक रोड धरून सातपूर ओलांडलं की सायकलींचे लाल दिवे लुकलुकताना दिसतात. डोक्यावर हेल्मेट, अंगात चुस्त कपडे, हँडलला मोबाइल. कुठे दोघं, कुठे पंधरा-वीस जणांचा घोळका. महिरावणी, अंजनेरी करत त्र्यंबकेश्वर गाठायचं, चहा-नाष्टा करायचा आणि ऊन चढायच्या आत घरी परतायचं.

डिसेंबर संपत आला की यातलेच बरेच जण वर्षाचा हिशेब सोशल मीडियावर टाकतात. यंदा ३,००० किलोमीटर. यंदा ५,००० पूर्ण. खाली अभिनंदनाचा पाऊस पडतो आणि 'एवढं जाऊन मिळतं काय?' अशी एक कॉमेंटही हमखास असते. प्रश्न खवचट असला तरी चुकीचा नाही.

आधी आकडा समजून घेऊ

नाशिक ते त्र्यंबकेश्वर म्हणजे एका बाजूने साधारण २८ ते ३० किलोमीटर, जाऊन-येऊन ६०. वर्षातले ५० रविवार धरले तर ३,००० किलोमीटर होतात. ना हिमालयाची मोहीम, ना कुठली शर्यत. एकच रस्ता, पन्नास वेळा. कधी त्र्यंबकहून पहिणेमार्गे घोटी करून नाशिकला आलं की शंभरच्या आसपास जातात. आठवड्यात आणखी दोन दिवस गंगापूर रोडला तासभर सायकल मारणारा सहज ५,००० च्या पुढे असतो. उलट पावसाळ्यात सायकल भिंतीला टेकवून ठेवणारा २,००० वर अडकतो. म्हणजे वर्षाचा आकडा पायातल्या ताकदीपेक्षा सवयीवर जास्त ठरतो.

हा रस्ता सवय लावणारा आहे, हेही खरं. त्र्यंबक नाशिकपेक्षा शे-दीडशे मीटर उंचावर आहे, त्यामुळे जाताना अंगावर येणार नाही इतपत चढ आणि परतताना उतार. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे जाताना छातीवर आणि येताना पाठीवर. दमल्यावर घरी परतणं सोपं, असे रस्ते फार थोड्या शहरांच्या वाट्याला येतात.

तब्येतीचं गणितही इथेच सुटतं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. ताशी २० किलोमीटरने त्र्यंबकला जाऊन यायला तीन तास, म्हणजे १८० मिनिटं लागतात. एका रविवारात आठवड्याचा किमान कोटा पूर्ण. (सोमवार ते शनिवार खुर्चीत बसून राहायची परवानगी मात्र यातून मिळत नाही.)

मग पाच-दहा हजार करणारे कोण?

नाशिकमध्ये लांब पल्ल्याचं वेड वाढलं त्याला काही नावं कारणीभूत आहेत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत 'रेस अ‍ॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत होते. २०१५ मध्ये नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या गटात ती नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. २०१७ मध्ये नाशिककर लष्करी डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ ती एकट्याने पूर्ण करणारे पहिले भारतीय ठरले. त्याच वर्षी काही तासांच्या अंतराने नागपूरचे डॉ. अमित समर्थ पोहोचले. रविवारच्या सायकलस्वाराला जे अंतर कापायला दीड वर्षाहून जास्त लागेल, ते यांनी बारा दिवसांच्या आत कापलं.

असे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. मधला मोठा वर्ग 'बीआरएम' करणाऱ्यांचा आहे. ही फ्रान्समधून आलेली पद्धत. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पूर्ण करायचे. एका हंगामात चारही केले की 'सुपर रँडोनियर'. यात पहिला नंबर नसतो, बक्षिसाची रक्कम नसते. वेळेत पोहोचलेला प्रत्येक जण सारखाच. या चार राइड्सचेच १,५०० किलोमीटर होतात आणि तयारीचे त्याच्या कितीतरी पट. जिंकायचं कुणालाच नसताना लोक रात्रभर सायकल का मारतात, याचं उत्तर 'फिटनेस' या एका शब्दात बसत नाही.

नाशिकपुरतं पाहिलं तर उत्तराचा एक भाग वारीत सापडतो. त्र्यंबकेश्वर हे संत निवृत्तिनाथांच्या समाधीचं गाव. दर वर्षी ज्येष्ठात त्यांची पालखी इथून निघते आणि सिन्नर, अहिल्यानगर करत साडेतीन आठवड्यांच्या आसपास चालून पंढरपूरला पोहोचते. नाशिक सायकलिस्ट फाउंडेशनने २०१२ पासून नाशिक-पंढरपूर सायकल वारी सुरू केली. साडेतीनशेच्या आसपास किलोमीटरचं अंतर, शेकडो सायकली. यातल्या कित्येकांनी आधी शंभर किलोमीटरही एका दमात केलेले नसतात. एकट्याने कधी जमलं नसतं ते घोळक्यात जमतं. मागे पडलेल्यासाठी कुणी थांबतं, पंक्चर झालं तर चौघं वाकतात. पायी वारीत जे होतं, तेच इथे चाकांवर.

रविवारचा घोळकाही याच सूत्रावर चालतो. पहाटे पाचचा गजर बंद करून पुन्हा झोपावंसं सगळ्यांनाच वाटतं. पण चौकात चार जण वाट बघत उभे असतात, म्हणून माणूस उठतो.

आकडाच मालक झाला तर?

घोळक्याइतकीच ओढ मोजण्याचीही असते, आणि ती नवी नाही. इंग्लंडच्या टॉमी गॉडविनने १९३९ या एका वर्षात १,२०,८०५ किलोमीटर सायकल चालवली, म्हणजे रोज सरासरी ३३०. हा विक्रम मोडायला २०१६ उजाडावं लागलं, आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या अमांडा कोकर या तरुणीने त्याहूनही जास्त अंतर कापलं. थोर खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांनी तर स्वतःसाठी वेगळंच माप शोधलं होतं: किमान जितके मैल सायकल चालवली, तितकेच दिवसही भरले पाहिजेत. पन्नासचा आकडा हवा तर पन्नास वेळा पन्नास मैल.

आज हे काम स्ट्राव्हासारखी अ‍ॅप फुकटात करतात. त्याचा फायदा आहे, घसरलेली सवय लगेच दिसते. तोटाही आहे. वर्षअखेरीला ठरवलेला आकडा २०० किलोमीटरने कमी पडतोय म्हणून तापात, दुखऱ्या गुडघ्याने बाहेर पडणारे आहेत. स्वतःच्या आनंदासाठी सुरू केलेली गोष्ट दुसऱ्याच्या स्क्रीनसाठी होऊ लागली की टिकणं अवघड जातं. ज्यांचा हेतू फक्त आकडा असतो, त्यांची सायकल आकडा गाठला की धूळ खाते.

आणि हा सगळा हिशेब मांडताना त्याच रस्त्यावरचे बाकीचे सायकलवाले विसरून चालत नाही. सातपूरच्या कारखान्यात आठ किलोमीटरवरून सायकलने येणारा कामगार ३०० दिवस कामावर आला, तर वर्षाला ४,८०० किलोमीटर होतात. अख्खी अमेरिका. मानव विकास कार्यक्रमात मिळालेल्या सायकलवर चार किलोमीटरवरच्या शाळेत जाणारी आठवी-नववीची मुलगी २०० दिवसांत १,६०० किलोमीटर करते, बीआरएमच्या चारही राइड्सपेक्षा जास्त. यांचा डिसेंबरचा स्क्रीनशॉट कुठेच नसतो. नेदरलँड्समध्ये माणशी वर्षाला हजारेक किलोमीटरची सरासरी येते, ती अशाच रोजच्या जाण्या-येण्यातून. छंदवाल्यांच्या जोरावर नाही.

सगळ्यांचा प्रश्न एकच: रस्ता

केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात साडेचार हजारांहून जास्त सायकलस्वार रस्ते अपघातांत गेले. त्र्यंबकच्या रस्त्यावर सकाळी सातनंतर दर्शनाच्या गाड्या वाढतात आणि श्रावणात, विशेषतः तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरी फेरीला, सायकलला जागाच उरत नाही. म्हणूनच हे घोळके पहाटे अंधारात निघतात.

आता सिंहस्थ कुंभमेळ्याच्या तयारीत हा रस्ता रुंद होतोय. रुंद रस्ता म्हणजे सुरक्षित रस्ता असं गणित सायकलसाठी चालत नाही. गाड्यांचा वेग वाढला आणि साइडपट्टी खडीची, खड्ड्यांची किंवा पार्किंगची झाली, तर सायकल थेट गाड्यांच्या मध्ये येते. स्वतंत्र मार्ग नसला तरी दोन्ही बाजूंना डांबरी, सलग आणि पांढऱ्या पट्ट्याने वेगळी केलेली साइडपट्टी मिळाली, तरी बराच फरक पडेल. ती आखायची वेळ काम सुरू असताना असते, नंतर नाही.

तशी पट्टी झाली नाही, तर रविवारचे सायकलस्वार पेठ रोड किंवा गंगापूर रोड धरतील. महिरावणीहून सातपूरला कामावर येणाऱ्याला दुसरा रस्ता नाही.