आकडा सुधारला, मांजर नाही

पंधरा वर्षांच्या मांजराला चार दिवस दवाखान्यात ठेवून सलाईन लावले जाते. दाखल करताना क्रिएटिनिन 6 असते, सोडताना 5. घरची माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात, अहवालाचे छायाचित्र नातेवाइकांना पाठवले जाते. मांजर मात्र घरी येताच कपाटाखाली जाऊन बसते, अन्नाला तोंड लावत नाही आणि आठवड्याभरात पुन्हा त्याच पिंजऱ्यात परतते. मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराने म्हाताऱ्या मांजराचे अखेरचे दिवस असे जातात, तेव्हा त्यामागे कोणाचीही निष्ठुरता नसते. असते ती मायाच. तरीही ही वाट चुकीची आहे आणि चूक भावनेची नसून मापनाची आहे.

क्रिएटिनिन हे स्नायूंतून सतत बाहेर पडणारे द्रव्य. मूत्रपिंड ते गाळून टाकते. निर्मिती आणि गाळण यांचा समतोल साधला की रक्तातील प्रमाण गाळणक्षमतेच्या व्यस्त प्रमाणात राहते. गाळण निम्मी झाली की आकडा दुप्पट होतो. याचा हिशेब विज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला करता येईल. निरोगीपणी आकडा 1.5 होता असे धरले, तर 3 वर पोहोचेपर्यंत निम्मी क्षमता गेलेली असते. 6 वर केवळ 25 टक्के उरते. तिथून 5 वर आले म्हणजे 25 चे 30 टक्के झाले. अहवालावर जो मोठा उतार दिसतो, तो प्रत्यक्षात पाच टक्क्यांचा फरक असतो. आणि त्यातलाही बराचसा भाग शरीरातले पाणी भरून निघाल्याचा असतो, मूत्रपिंड बरे झाल्याचा नव्हे. म्हणूनच या विकाराच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात 5 च्या पुढचा आकडा चौथ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यात मोडत असला, तरी तो टप्पा ठरवताना प्राण्याच्या शरीरात पुरेसे पाणी असावे आणि त्याची स्थिती स्थिर असावी अशी अट घातलेली आहे.

याहून घातक गोष्ट वेगळीच आहे. क्रिएटिनिन स्नायूंतून येते आणि आजारी म्हातारे मांजर स्नायू गमावत असते. जे मांजर झिजून हाडांचा सापळा होते, त्याचे क्रिएटिनिन निर्मिती घटल्यामुळेही खाली येऊ शकते. मांजर खंगत असताना अहवाल सुधारत आहे, हा विरोधाभास वाटतो. परंतु तो साध्या समीकरणातून निघणारा निष्कर्ष आहे. वजन, स्नायू आणि भूक यांच्या नोंदीशिवाय हा आकडा वाचणे म्हणजे दाब न मोजता केवळ आकारमानावरून वायूचे तापमान सांगण्यासारखे आहे.

येथे पहिला आक्षेप येतो. आकड्याचा पाठलाग सोडायचा म्हणजे उपचारच सोडायचे का? मराठी घरांत ‘आता फक्त सेवा करा’ हे वाक्य पराभवाची घोषणा म्हणून ऐकले जाते. हा समज मोडून काढणे आवश्यक आहे. वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा, जिला रुग्णालयांत पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, ती स्वतःच उपचार आहे. तिची उद्दिष्टे वेगळी आहेत, एवढेच. मळमळ थांबवणारे औषध, भूक वाढवणारे औषध, पोटॅशियमची उणीव भरून काढणे, वाढलेला रक्तदाब खाली आणणे आणि घरच्या घरी, मांजराच्या आवडत्या गादीवर, कातडीखाली थोडे सलाईन देणे, हे सारे तिच्यात येते. तिच्यातही मोजमाप लागतेच. हृदय दुबळे असेल तर जास्तीचे सलाईन छातीत पाणी साठवू शकते, म्हणून ‘जितके द्याल तितके चांगले’ हा नियम येथेही लागू नाही.

आणि आयुष्याची लांबी यंत्रांनीच वाढते हेही खरे नाही. 2000 मध्ये ब्रिटनमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फॉस्फरस व प्रथिने मर्यादित असलेला आहार घेणाऱ्या मूत्रपिंडविकारी मांजरांचे मध्यक आयुष्य 633 दिवस, तर तो आहार न घेणाऱ्यांचे 264 दिवस आढळले. गट यादृच्छिक पद्धतीने पाडलेले नव्हते, त्यामुळे हा फरक जसाच्या तसा आहाराच्या खात्यावर मांडता येत नाही. तरीही ताटलीत काय आहे याला किती महत्त्व आहे ते त्यावरून कळते. अर्थात अखेरच्या टप्प्यात, जे मांजर तो आहार हुंगूनही पाहत नाही, त्याला उपाशी ठेवून पथ्य पाळणे हा शहाणपणा नव्हे. त्या वेळी जे खाईल ते द्यावे.

वेदनेच्या बाबतीत तर आपले अज्ञान अधिकच खोल आहे. मांजर वेदना लपवते. कुत्र्यासारखे विव्हळत नाही. उडी मारणे बंद करते, अंग चाटणे सोडते, कोपऱ्यात बसते, आणि घरचे म्हणतात की म्हातारपणामुळे शांत झाले. बारा वर्षांवरील 100 मांजरांच्या क्ष-किरण चित्रांची 2002 मध्ये तपासणी झाली, तेव्हा 90 मांजरांत सांध्यांची झीज दिसली. प्रत्येक झिजलेला सांधा दुखतोच असे नाही. पण त्या ‘शांतपणा’कडे संशयाने पाहायला एवढे पुरेसे आहे.

वेदना मोजता येत नाही ही सबबही आता टिकत नाही. मॉन्ट्रियल विद्यापीठातील संशोधकांनी 2019 मध्ये ‘फिलाइन ग्रिमेस स्केल’ प्रसिद्ध केले. कानांची ठेवण, डोळ्यांचे आकसणे, तोंडाभोवतीचा ताण, मिशांची दिशा आणि डोक्याची उंची या पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 गुण द्यायचे. बेरीज 10 पैकी 4 किंवा अधिक आली तर वेदनाशामकाचा विचार करायचा. हे माप मुख्यतः तीव्र वेदनेसाठी आहे, सांध्यांच्या जुनाट दुखण्यासाठी ते अपुरे पडते. तरीही ज्या घरात क्रिएटिनिन दशांश चिन्हापर्यंत पाठ असते, तेथे मांजराचा चेहरा कोणी वाचत नाही, ही विसंगती बोलकी आहे.

राष्ट्रीय विज्ञानवार्तांतही हीच विसंगती दिसते. भारतात पशूंच्या वेदनाशामकांवर चर्चा झाली ती गिधाडांमुळे. 2006 मध्ये पशुवैद्यकीय डायक्लोफेनॅकवर बंदी आली, 2023 मध्ये केटोप्रोफेन व असेक्लोफेनॅकवर, आणि 2024 च्या डिसेंबरअखेर निमसुलाइडवर. हे निर्णय योग्यच होते. गुरांच्या मृतदेहांतून विष पसरून गिधाडे नामशेष होत होती. परंतु या बातम्यांत वेदनाशामक हे केवळ विष म्हणून आले. ज्या प्राण्याची वेदना शमवायची, त्याचा प्रश्न चर्चेत आलाच नाही. गिधाडांना सुरक्षित ठरलेले मेलॉक्सिकॅम मांजरांसाठी दीर्घकाळ वापरण्यास युरोपात परवानगी आहे. अमेरिकेत मात्र त्याच औषधाच्या वेष्टनावर मांजरांत वारंवार वापरल्यास मूत्रपिंड निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो, असा ठळक इशारा आहे. मूत्रपिंड आजारी आणि सांधेही दुखरे, अशा मांजराबाबत हा पेच रोजचा आहे. मांजरवैद्यकाच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी 2024 मध्ये दिलेली मार्गदर्शक तत्त्वे सरसकट बंदी सुचवत नाहीत. नियमित तपासणी करत किमान परिणामकारक मात्रा वापरावी असे सांगतात. असा तोल साधणे हे पशुवैद्याचे काम आहे, घरच्या औषधपेटीचे नव्हे. पॅरासिटामॉलची एक साधी गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, कारण ते औषध निकामी करणारे विकर बनवण्याची जनुकीय क्षमता मांजरकुळाने गमावली आहे. एवढी एक ओळ जरी बातम्यांतून घरोघर पोहोचली असती, तरी ती उपयोगी पडली असती.

दुसऱ्या टोकाचा युक्तिवादही फेटाळायला हवा. ‘म्हातारे मांजर, कशाला खर्च?’ हा व्यवहारीपणा नसून आळस आहे. वय हा रोग नव्हे. थायरॉइडची अतिसक्रियता, उच्च रक्तदाब, मूत्रमार्गातील संसर्ग किंवा अडथळा यांवर म्हाताऱ्या मांजरातही उपाय आहेत. जुनाट विकारात अचानक बिघाड झाला असेल, तर दोन-तीन दिवस दाखल करून पाहणे अगदी रास्त आहे. फक्त तो प्रयोग असावा आणि प्रयोगाला मुदत असावी. किती दिवस, कोणत्या सुधारणेची अपेक्षा, आणि ती न झाल्यास पुढे काय, हे सलाईन लावण्यापूर्वी ठरले पाहिजे. निकाल पाहून निकष बदलणाऱ्या संशोधकाला कोणी गंभीरपणे घेत नाही. आजारी प्राण्याच्या उशाशी बसल्यावर तीच शिस्त सोडून देण्याचे कारण नाही.

राहिला दयामरणाचा प्रश्न. तो उच्चारताच घरात शांतता पसरते, कोणी अहिंसेचा दाखला देतो. परंतु प्राण्यांवरील क्रौर्य रोखण्यासाठी 1960 मध्ये झालेल्या कायद्याचे कलम 13 हे मान्य करते की, काही स्थितींत प्राण्याला जिवंत ठेवणे हेच क्रौर्य ठरते. माणसाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये निरर्थक उपचार थांबवण्याचा अधिकार मान्य केला, तेव्हा रुग्णाची स्वतःची इच्छा हा त्याचा पाया होता. मांजर इच्छापत्र लिहीत नाही. म्हणून त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी अधिक पडते, कमी नाही. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, या सात बाबींना 10 पैकी गुण देण्याची एक पद्धत पशुवैद्यकात रूढ आहे; 70 पैकी 35 च्या वर असेपर्यंत शुश्रूषा चालू ठेवावी असे ती मानते. ते काटेकोर मापनयंत्र नाही, गुण देणाऱ्याची माया त्यात मिसळतेच. पण रोजची लिखित नोंद आठवणीपेक्षा प्रामाणिक असते. महिन्याच्या दिनदर्शिकेवर चांगल्या आणि वाईट दिवसांच्या खुणा केल्या, तर कल कोणीकडे आहे हे घरातील लहान मुलालाही दिसते.

पाळीव प्राण्यांसाठी नवे रुग्णालय उघडले, नवे यंत्र आले, ही बातमी स्वागतार्ह आहे. मात्र ती देणाऱ्यांनी आणि वाचणाऱ्यांनी खाटांच्या संख्येबरोबर आणखी एक प्रश्न विचारायला हवा: येथे वेदनेची नोंद कोण ठेवते? मांजराला क्रिएटिनिन म्हणजे काय हे ठाऊक नाही, उरलेल्या दिवसांची मोजदादही ते करीत नाही. आजची मळमळ, आजचे दुखणे आणि खिडकीतले आजचे ऊन एवढेच त्याच्यापाशी आहे. उपचाराचे यशही तिथेच मोजले गेले पाहिजे.