फ्रीजचा गॅस ‘संपतो’ कसा?

उन्हाळा लागला की आमच्याकडे दाखले-अर्जांच्या कामांबरोबर फ्रीजच्याही तक्रारी येऊ लागतात. दिवा लागतो, आवाज येतो, पण दूध नासते. मेकॅनिक येतो, बर्फाच्या कप्प्याला हात लावतो आणि म्हणतो, “गॅस संपला.” घरची माउली मुकाट्याने पैसे काढून देते.

भगिनींनो, हा गॅस शेगडीच्या गॅससारखा जळून संपत नाही. तो बंद नळीत फिरतो, आतली उष्णता उचलतो आणि मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. तो कमी झाला म्हणजे नळीला कुठेतरी गळती आहे. ती न बुजवता नुसता गॅस भरला तर तोही जाणार. तेव्हा “गळती दाखवा” असे स्पष्ट म्हणावे आणि कामाची पावती घ्यावी. पावती मागणे म्हणजे भांडण नव्हे.

त्याआधी घरीच पाहण्यासारखे पुष्कळ आहे. वाशीम, कारंजा, रिसोडकडे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांपर्यंत चढतो. फ्रीजच्या पट्टीवर ‘टी’ हे अक्षर असेल, तर तो भोवतालच्या ४३ अंशांपर्यंतच नीट चालेल असे धरून बनवलेला असतो. टिनाखालच्या खोलीत, शेगडीशेजारी, भिंतीला चिकटवून ठेवल्यावर त्याने करावे तरी काय? वीतभर पुढे ओढावा. प्लग काढून मागची जाळी ब्रशने झाडावी. दाराच्या रबरात कागद धरून दार लावावे. कागद अलगद निघून आला तर रबर साबणाच्या कोमट पाण्याने पुसावे, तरीही सैल असेल तर बदलावे.

बर्फ बोटभर साचला की थंडावा उलट कमी होतो. फ्रीज बंद करून तो आपोआप वितळू द्यावा. सुरीने खरवडू नये! त्या पातळ पत्र्यातच गॅसच्या नळ्या असतात. भोक पडले की गॅस खरोखरच जातो.

संध्याकाळी विजेचा दाब उतरतो. तेव्हा कॉम्प्रेसर घुमतो, ‘टक्’ करतो आणि थांबतो. असे होत असेल तर आधी दाब तपासून घ्यावा, स्टॅबिलायझर लावावा. वीज येताच फ्रीज लगेच सुरू करू नये, पाच मिनिटे थांबावे.

मधुमेहाचा रुग्ण असलेल्या घरी हे सारे अधिक जपावे लागते. इन्सुलिनची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. बर्फाच्या कप्प्याजवळ ती ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन निकामी होते. स्वस्तातला थर्मामीटर ग्लासभर पाण्यात बुडवून रात्रभर आत ठेवावा आणि सकाळी आकडा पाहावा. वीज बराच वेळ गेली तर बाटली कोरड्या डबीत घालून, ओले फडके गुंडाळलेल्या मातीच्या मडक्यात सावलीला ठेवावी. इतक्या थंडाव्याने ८ अंश काही गाठले जात नाहीत, पण टिनाखालच्या उन्हापासून बचाव होतो. वीज आल्यावर ती बाटली वापरायची की नाही, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.