प्रथिन न बनवणारा आरएनए पेशीत येतो कुठून?

2024 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकून यांना मायक्रोआरएनएच्या शोधासाठी मिळालं. या आरएनएपासून प्रथिन बनत नाही. मग पेशी तो तयार करते कशाला?

आपल्या डीएनएच्या जेमतेम 1 ते 2 टक्के भागात प्रथिनांची कृती असते. बाकीच्याला बरीच वर्षं 'जंक' म्हटलं गेलं. जरा घाईच झाली! त्यातल्या बऱ्याच भागावरूनही पेशी आरएनएच्या प्रती काढते.

मायक्रोआरएनए मात्र थेट तयार मिळत नाही, कापून काढावा लागतो. आधी केंद्रकात लांबलचक धागा बनतो आणि दुमडून हेअरपिनसारखा होतो. ड्रोशा नावाचं एन्झाइम तेवढाच भाग कापतं. तो केंद्रकाबाहेर आला की डायसर हे दुसरं एन्झाइम त्याला पुन्हा कापतं. उरतात साधारण 22 अक्षरं. ती ठरावीक संदेशवाहक आरएनएला चिकटतात आणि त्यापासून प्रथिन बनणं रोखतात.

ही कात्री बिघडली तर? डायसरच्या जनुकात जन्मतः दोष असलेल्या काही लहान मुलांना फुप्फुसाचा दुर्मीळ कॅन्सर होतो. दोष असलेल्या प्रत्येकाला तो होतोच असं नाही. पण एका मुलात दोष सापडला, तर डॉक्टर भावंडांचीही जनुकीय तपासणी सुचवतात.