गवत कापताना रेस किती द्यावी?

मंडळी, पाऊस सरत आला की बागेतले गवत कमरेला लागते, आणि नेमके तेव्हाच मजूर मिळत नाही. म्हणून खांद्यावरचा ग्रासकटर आता पुष्कळ घरी आला आहे. पण बरेचजण तो अर्ध्या रेसवर चालवतात. पेट्रोल वाचते, असा समज! मीही पहिल्या वर्षी तेच केले. क्लच जळाला आणि वाचलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट पैसे गेले.

या यंत्राचा क्लच वेगावर धरतो. इंजिन जोरात फिरले की आतले शू बाहेर फाकून ड्रमला घट्ट बसतात. अर्ध्या रेसवर ते नुसते घासतात नि तापतात. पाते मंदावते, आणि गवत तुटण्याऐवजी त्याला गुंडाळते. तेव्हा पाते गवतात घालण्याआधीच रेस पूर्ण द्या, बाहेर आले की सोडा. मोकळे यंत्र भर रेसवर ओरडत ठेवू नका.

रेस सोडल्यावर पाते थांबलेच पाहिजे. फिरत राहिले तर आयडलचा स्क्रू (बहुतेक यंत्रांवर तिथे ‘टी’ लिहिलेले असते) जरासा उलटा फिरवा. यंत्र रेस घेतच नसेल, तर आधी एअर फिल्टर झाडून पाहा.

भर वेगात पात्याखालचा खडा गोळीसारखा उडतो. चष्मा लावा, पोरांना पन्नास फुटांच्या आत येऊ देऊ नका. न्याहारी घेऊन येणाऱ्यालाही सांगून ठेवा : मागून हाक ऐकू येत नाही, लांबून, समोरूनच हात करायचा.