घरगुती सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणांच्या तपासणीबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष,
बंगळुरू पाणीपुरवठा व मलनिस्सारण मंडळ,
कावेरी भवन, बंगळुरू

विषय : कोरमंगलातील घरगुती सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणांना मान्यता, वार्षिक तपासणी व ठरावीक मुदतीने गाळ-उपसा मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे कोरमंगलातील मराठी भाषक रहिवासी आहोत. मूळ निवेदन कन्नडमध्ये सोबत जोडले आहे. ही त्याची मराठी प्रत.

कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्याचा उतार बेळ्ळंदूर तलावाकडे आहे. आमच्या मोरीतले पाणी शेवटी कुठे जाते, हे २०१५ साली रस्त्यावर उडालेल्या फेसातून आणि २०१७ व २०१८ मध्ये तलावात लागलेल्या आगींतून साऱ्या देशाने पाहिले. मोठ्या गृहसंकुलांना स्वतःचे शुद्धीकरण केंद्र बंधनकारक आहे. बंगले व लहान इमारती त्या नियमात येत नाहीत. त्यांपैकी काहींनी स्वखर्चाने यंत्रणा बसवल्या आहेत.

साध्या सेप्टिक टाकीत मैला तळाशी बसतो. वरचे पाणी बरीचशी घाण व जंतू घेऊन बाहेर पडते. नव्या यंत्रणेत पुढचा एक कप्पा असतो. तिथे ब्लोअरने सतत हवा सोडतात, प्लॅस्टिकच्या जाळीदार तुकड्यांवर जिवाणू वाढतात आणि घाण खातात. नंतर पाणी निवळते, त्यात क्लोरिन मिसळतात. असे पाणी फ्लशला व झाडांना चालते. मार्च २०२४ च्या टंचाईत पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यास मंडळाने ५,००० रुपये दंड ठेवला, तेव्हा या पाण्याचे मोल सर्वांनाच कळले.

अडचण यंत्रणा बसवल्यानंतर सुरू होते. आमच्यापैकी एका घरी शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून ब्लोअर रात्री बंद ठेवत. हवेअभावी जिवाणू मेले आणि काही दिवसांतच फ्लशच्या पाण्याला कुजकट वास येऊ लागला. विक्रेत्याने फोन उचलणे सोडले. दुसऱ्या घरी टाकीच्या झाकणावरच अंगणाची फरशी बसवलेली होती. गाळ उपसायला आलेल्या टँकरवाल्याला पहारीने ठोकून झाकण शोधावे लागले.

यावरचे उपाय नवे नाहीत. जपानमध्ये अशा घरगुती यंत्रणांसाठी १९८३ साली स्वतंत्र कायदा झाला. देखभाल व वार्षिक तपासणी तिथे सक्तीची आहे. सातारा जिल्ह्यातील वाई नगरपालिका टाकी तुंबण्याची वाट पाहत नाही. दर तीन वर्षांनी घरोघरचा गाळ उपसण्याची पद्धत तिने घातली. बंगळुरूजवळच्या देवनहळ्ळीत २०१५ पासून मैला-गाळ प्रक्रिया केंद्र आहे.

म्हणून आमच्या मागण्या :

१. घरगुती यंत्रणांच्या मान्य नमुन्यांची व परवानाधारक बसवणाऱ्यांची यादी जाहीर करावी.
२. प्रत्येक यंत्रणेची नोंद ठेवून वर्षातून एकदा बाहेर पडणाऱ्या पाण्याचा नमुना तपासावा. त्यासाठी वाजवी शुल्क घ्यावे.
३. विक्रेत्यावर किमान पाच वर्षांच्या देखभालीचा करार बंधनकारक करावा.
४. दर तीन वर्षांनी गाळ-उपसा करावा. टँकर कुठे रिकामा झाला, त्याची पावती घरमालकास मिळावी.
५. टाकीचे झाकण उघडता येईल असे ठेवणे आणि टाकी पिण्याच्या पाण्याच्या संपपासून सुरक्षित अंतरावर असणे, या अटी घालाव्यात.
६. कोणत्याही कारणाने माणूस टाकीत उतरवला जाणार नाही, याची खात्री करावी. २०१३ च्या कायद्याने सुरक्षा-साधनांविना टाकी साफ करवून घेण्यास बंदी आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा कामात झालेल्या मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली आहे.

यंत्रणेचा खर्च आम्ही करतो, तपासणीचे शुल्कही भरू. देखरेख मात्र मंडळानेच करावी, कारण आमच्या टाकीतून सुटलेले पाणी आमच्या अंगणात थांबत नाही.

कळावे.

आपले विश्वासू,
कोरमंगलातील मराठी भाषक रहिवासी
(सह्यांची यादी सोबत)